स्मरणाचा वाडा

बाजारांतून आणावयाच्या पांच जिनसा तोंडी सांगितल्या, तर पिशवींतून तीन येतात आणि दोन विसरल्या जातात, हा अनुभव बहुतेक घरांतला आहे. परंतु ज्या गृहस्थाला त्या दोन जिनसा आठवत नाहींत, त्यालाच क्षणभर डोळे मिटून बसावयास सांगावें आणि लहानपणीं तो ज्या घरांत वाढला त्या घराविषयीं विचारावें. दाराची कडी कोणत्या बाजूस होती, ओसरीवरून माजघरांत जातांना उंबरा किती उंच लागे, देवघराचा कोनाडा कोठें होता, परसांतल्या विहिरीकडे जाणारी वाट कोणत्या झाडाखालून जाई, हें सारें तो न अडखळतां सांगेल. तें घर पडून चाळीस वर्षें झालीं असलीं तरीहि सांगेल. हें त्यानें कधीं पाठ केलेलें नव्हतें. कोणी त्याची परीक्षाहि घेतली नव्हती. मग घटकेपूर्वीं ऐकलेली हळदीची पुडी मनांतून निसटावी, आणि चाळीस वर्षांपूर्वींचा उंबरा मात्र जागच्या जागीं राहावा, असें कां होतें?

या प्रश्नाच्या उत्तरावर एक फार जुनी विद्या उभी आहे. जागा मनुष्य आपोआप लक्षांत ठेवतो. नांवें, आंकडे, याद्या यांना मात्र त्याच्या मनांत आपोआप जागा मिळत नाहीं. तेव्हां ज्यांना जागा नाहीं त्यांना ती मुद्दाम द्यावी, एवढीच या विद्येची युक्ति आहे. ओळखीच्या घराचें चित्र मनांत उभें करावयाचें, त्यांतील ठराविक ठिकाणीं लक्षांत ठेवावयाच्या गोष्टी चित्ररूपानें मांडावयाच्या, आणि लागतील तेव्हां मनानेंच त्या घरांतून फेरी मारून त्या उचलून घ्यावयाच्या. पाश्चात्य लोक अशा मनांतल्या घराला स्मृतीचा प्रासाद म्हणतात. मराठींत त्याला स्मरणाचा वाडा म्हटलें, तर अर्थ अधिक जवळचा वाटेल.

या विद्येची जन्मकथा एका दुर्घटनेची आहे. रोमचा प्रसिद्ध वक्ता सिसेरो यानें ख्रिस्तपूर्व ५५ सालीं वक्तृत्वावर जो संवादरूप ग्रंथ लिहिला, त्यांत ती सांगितलेली आहे. ग्रीस देशांतील केऑस बेटावरचा सायमोनिडीझ हा कवि एकदां थेसली प्रांतांतील स्कोपास नांवाच्या धनिकाच्या घरीं मेजवानीस गेला होता. यजमानाच्या स्तुतिपर त्यानें कवन म्हटलें, पण त्यांतला बराचसा भाग कॅस्टर व पोलक्स या जुळ्या देवांच्या वर्णनांत गेला. यजमानाला तें रुचलें नाहीं. ठरलेल्या बिदागीपैकीं अर्धीच त्यानें दिली आणि उरलेली त्या देवांकडून मागून घेण्यास सांगितलें. थोड्याच वेळानें निरोप आला कीं, दोन तरुण बाहेर कवीची वाट पाहत आहेत. सायमोनिडीझ बाहेर आला, तों तेथें कोणीच नव्हतें. इतक्यांत मागें दिवाणखान्याचें छप्पर कोसळलें आणि यजमानासह सारे पाहुणे त्याखालीं गाडले गेले. प्रेतें इतकीं चेंगरलीं होतीं कीं, सख्ख्या आप्तांनाहि ओळख पटेना, आणि कोणीं कोणाचे अंत्यविधि करावे हें समजेना. तेव्हां पंगतींत कोण कोठें बसला होता हें सायमोनिडीझला आठवलें. त्या जागांवरून त्यानें एकेकाचें नांव सांगितलें, आणि प्रत्येक मृताला त्याचीं माणसें मिळालीं.

या कथेंतला देवांचा भाग केवळ कल्पित आहे, असें पहिल्या शतकांतील क्विंटिलियन या वक्तृत्वशिक्षकानेंच लिहून ठेविलें आहे. तें मानलें तरी कथेंतला बोध उरतोच. सायमोनिडीझनें पाहुण्यांचीं नांवें पाठ केलेलीं नव्हतीं. त्यानें पंगत पाहिली होती, आणि पंगतींतल्या जागांनीं नांवें धरून ठेविलीं होतीं. जागांचा क्रम मोडला नाहीं, तर जागेवर ठेविलेल्या गोष्टींचा क्रमहि मोडत नाहीं, हें सूत्र त्यांतून निघालें.

या सूत्राचे व्यवहारांतले नियम एका लॅटिन ग्रंथांत आज वाचावयास मिळतात. हा ग्रंथ ख्रिस्तपूर्व ८६ ते ८२ च्या सुमारास हेरेनियस नांवाच्या गृहस्थाला उद्देशून लिहिला गेला. मध्ययुगांत तो सिसेरोचाच समजला जाई, पण त्याचा कर्ता कोण हें अज्ञात आहे. त्या काळचा रोमन वक्ता न्यायसभेंत हातांत कागद न घेतां तासन् तास बोले, म्हणून वक्तृत्वाच्या शिक्षणांत स्मरणालाहि स्वतंत्र स्थान होतें. ग्रंथकार म्हणतो कीं, निवडलेल्या जागा क्रमवार असाव्या. त्या एकमेकींसारख्या दिसूं नयेत, कारण एकसारख्या खांबांच्या रांगेंत मन घोटाळतें. जागा फार अंधाऱ्या नसाव्या, तशाच डोळे दिपविणाऱ्याहि नसाव्या. दोन जागांमध्यें सुमारें तीस फुटांचें अंतर असावें. गर्दीचें ठिकाण टाळावें, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांत चित्र पुसट होतें. मोजणी चुकूं नये म्हणून दर पांचव्या जागेवर खूण करावी. पांचवीवर सोन्याचा हात ठेवावा. दहावीवर डेसिमस नांवाचा एखादा ओळखीचा मनुष्य उभा करावा, कारण लॅटिनमध्यें त्या नांवाचा अर्थच दहावा असा आहे.

चित्रांविषयींचा त्याचा नियम तर आजहि तितकाच ताजा वाटतो. साधें, नेहमींचें चित्र मनांत टिकत नाहीं. रोज उगवणाऱ्या सूर्याकडे कोणी मान वर करून पाहत नाहीं, पण सूर्यग्रहणाचें सर्वांना नवल वाटतें, असा दाखला तो देतो. म्हणून चित्र हास्यास्पद असावें, भयंकर असावें, किंवा अतिशय सुंदर असावें. आणि तें स्वस्थ बसलेलें नसून कांहीं तरी करीत असावें. जागा म्हणजे मेणाची पाटी आणि चित्रें म्हणजे तीवरचीं अक्षरें, अशीहि उपमा त्यानें दिली आहे. अक्षरें पुसलीं तरी पाटी राहते. आपल्याकडील जुन्या शाळांतल्या धूळपाटीसारखाच हा प्रकार. एकच वाडा त्यामुळें पुन्हां पुन्हां वापरतां येतो.

या विद्येचा एक फार दूरचा प्रवास मात्तेओ रिच्ची या इटालियन धर्मोपदेशकाबरोबर झाला. आणि त्याची वाट गोव्यावरून गेली, म्हणून मराठी माणसाला तींत थोडें अधिक लक्ष घालावेंसें वाटेल. रिच्चीचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं माचेराता या गांवीं झाला. रोममध्यें जेझुइट पंथाच्या विद्यालयांत तो शिकला, आणि गणित त्यानें क्लावियस या नामांकित ज्योतिर्विदाच्या हाताखालीं केलें. १५७८ च्या सप्टेंबरांत तो गोव्यास उतरला. तेथील सेंट पॉल महाविद्यालयांत त्यानें धर्मशास्त्राचा अभ्यास केला व विद्यार्थ्यांना ग्रीक आणि लॅटिन शिकविलें. मध्यंतरीं कांहीं काळ कोचीनला घालवून १५८२ च्या एप्रिलांत तो मकावकडे निघाला. योगायोग असा कीं, याच महाविद्यालयांत १५५६ सालीं भारतांतील पहिला छापखाना सुरू झाला होता. छापलेल्या पुस्तकानें मनुष्याच्या स्मरणावरचें ओझें जेथें हलकें होऊं लागलें होतें, तेथूनच निघालेला हा तरुण पुढें चीनमध्यें पुस्तकाशिवाय पुस्तक जवळ बाळगण्याची विद्या दाखविणार होता. त्या महाविद्यालयाच्या दर्शनी भिंतीची कमान जुन्या गोव्यांत आजहि उभी आहे.

१५९५ सालीं रिच्ची चीनमधील च्यांगशी प्रांताच्या नानछांग शहरीं जाऊन राहिला. तेव्हांच्या चिनी राज्यांत मानाची वाट सरकारी परीक्षांतून जाई, आणि त्या परीक्षांसाठीं प्राचीन ग्रंथ अक्षरशः मुखोद्गत असावे लागत. पाठांतराला एवढें मोल असलेल्या विद्वानांपुढें रिच्चीनें आपली करामत करून दाखविली. परस्परांशीं संबंध नसलेलीं चारपांचशें चिनी अक्षरें त्यानें एकदां वाचलीं, क्रमानें म्हणून दाखविलीं, आणि मग शेवटापासून आरंभापर्यंत उलटींहि म्हणून दाखविलीं. तेथील प्रांताधिपति लू वान्काय याचे मुलगे परीक्षांची तयारी करीत होते. त्यांच्यासाठीं रिच्चीनें १५९६ सालीं पाश्चात्य देशांतील स्मरणपद्धतीवर चिनी भाषेंत एक लहानसें पुस्तक लिहून दिलें. यांत केवळ विद्यादानाचा हेतु नव्हता. आपल्या विद्येला मान मिळाला, तर आपल्या धर्माविषयींचें बोलणेंहि लोक ऐकून घेतील, असा त्याचा हिशेब होता.

त्या पुस्तकांत रिच्ची वाचकाला मनांत एक बैठकीचा दिवाणखाना बांधावयास सांगतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांत चार चित्रें ठेवावयास लावतो. पहिल्या कोपऱ्यांत दोन योद्धे झुंजत आहेत. एकानें भाला उगारला आहे आणि दुसऱ्यानें त्याचें मनगट धरून त्याला थांबविलें आहे. कारण युद्ध या अर्थाचें चिनी अक्षर भाला व थांबणें या अर्थांच्या दोन खुणा मिळून होतें. दुसऱ्या कोपऱ्यांत पश्चिमेकडील मुलखांतली एक स्त्री उभी आहे. गरज किंवा महत्त्व दाखविणाऱ्या अक्षरांत वरती पश्चिम आणि खालीं स्त्री अशा आकृति आहेत. तिसऱ्यांत एक शेतकरी विळ्यानें पीक कापीत आहे. धान्य आणि पातें मिळून लाभ या अर्थाचें अक्षर बनतें. चौथ्यांत एक दासी मूल घेऊन उभी आहे. स्त्री आणि मूल मिळून चांगलें या अर्थाचें अक्षर होतें. चार कोपरे, चार चित्रें, चार अक्षरें. रोमन वक्त्यांची युक्ति त्यानें चिनी लिपीच्या अंगावर अशी बेतून बसविली होती.

परंतु पुस्तक वाचून प्रांताधिपतीच्या थोरल्या मुलानें जो अभिप्राय दिला, तो रिच्चीनेंच प्रांजळपणें आपल्या पत्रांत नोंदविला आहे. हे नियम स्मरणाचे खरे नियम आहेत, पण त्यांचा उपयोग करून घ्यावयाला मुळांतच उत्तम स्मरणशक्ति हवी, असें त्या तरुणाचें म्हणणें पडलें. पुढें ते भाऊ परीक्षांत चांगले चमकले. पण तें यश त्यांनीं आपल्या परंपरेंतल्या घोकंपट्टीनें मिळविलें असावें, असाच अभ्यासकांचा तर्क आहे. रिच्चीला चीनमध्यें मान मिळाला तोहि या पुस्तकानें फारसा नव्हे. १६०२ सालीं त्यानें तयार केलेला जगाचा मोठा नकाशा, आणि श्यू क्वांगछी या विद्वानाच्या साह्यानें केलेलें युक्लिडच्या भूमितीच्या पहिल्या सहा भागांचें १६०७ सालचें भाषांतर, यांनीं त्याचें नांव झालें. १६१० सालीं पेकिंग येथें तो वारला.

त्या तरुणाच्या अभिप्रायांत एक गंभीर प्रश्न दडला आहे. ज्याची स्मरणशक्ति दुबळी, त्यालाच तर या वाड्याची गरज. आणि वाड्यांत पाऊल टाकावयालाच जर तल्लख स्मरणशक्ति लागत असेल, तर ही विद्या ज्याच्याजवळ आधींच धन आहे त्याला आणखी धन देणारी ठरते. वर्गांतला मागच्या बांकावरचा विद्यार्थी आणि नांवें विसरूं लागलेला वृद्ध, या दोघांना तिच्या दारांत प्रवेश आहे किंवा नाहीं, हें पाहणें म्हणूनच अगत्याचें आहे.

त्यापूर्वीं दुसरी एक शंका दूर केली पाहिजे. चिनी विद्यार्थ्याची पाठांतराची रीत भारतीयाला अनोळखी नाहीं. वेदपाठकांनीं संहितेचा एकेक शब्द सुटा करून पदपाठ बांधला. मग दोन-दोन शब्दांची सांखळी करून क्रमपाठ, शब्द पुढें-मागें गुंफून जटापाठ, आणि त्याहून गुंतागुंतीचा घनपाठ बांधला. एखादा शब्द गळला किंवा जागा चुकला, तर वीण लगेच उसवते आणि चूक कानाला कळते. महाराष्ट्रांतल्या जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी आणि दिडकी ज्या एका सुरांत म्हटल्या जात, तींतहि हेंच तत्त्व होतें. ही विद्या कानाची आहे. सायमोनिडीझची डोळ्यांची आहे. मग चांगली कोणती?

दोहोंचीं कामें वेगळीं आहेत, हें त्याचें उत्तर. जेथें एक मात्राहि बदलून चालत नाहीं, तेथें नाद आणि ताल हेच उत्तम रखवालदार. पण नादाची वाट बहुधा पहिल्या पावलापासूनच चालावी लागते. नऊ सत्ते किती असें अचानक विचारलें, तर पुष्कळ जण मनांत नऊ एके नऊपासून आरंभ करून सातापर्यंत येतात. वाड्याचें तसें नाहीं. माजघरांत काय ठेविलें आहे हें पाहावयाला ओसरीवरच्या सगळ्या वस्तु मोजाव्या लागत नाहींत. थेट माजघरांत जातां येतें. म्हणून भाषणांतील मुद्दे, घटनांचा क्रम, नांवांची यादी, यांना वाडा सोयीचा. आणि शब्दन् शब्द पाठ हवा तेथें घोकणेंच बरें. परीक्षेसाठीं संबंध ग्रंथ अक्षरशः म्हणावा लागणाऱ्या त्या चिनी तरुणाला रिच्चीची रीत जड वाटली, यांत त्यामुळें नवल नाहीं. प्रत्येक अक्षराला एक चित्र द्यावयाचें म्हटलें, तर चित्रेंच लक्षांत ठेवतां ठेवतां आयुष्य सरेल.

आतां मूळ प्रश्न. रिच्चीनंतर सुमारें चार शतकांनीं त्याचें उत्तर प्रयोगशाळांतून मिळूं लागलें. मेंदूच्या आंतल्या बाजूस हिपोकॅम्पस नांवाचा एक भाग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून हें नांव. १९७१ सालीं लंडनमध्यें जॉन ओकीफ आणि जोनाथन दोस्त्रोव्स्की यांना उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, या भागांतील एखादी पेशी उंदीर एका विशिष्ट ठिकाणीं आला कीं उत्तेजित होते, आणि दुसरी पेशी दुसऱ्या ठिकाणीं. मेंदूंत जणूं जागांचा नकाशाच मांडलेला असतो. या दिशेच्या संशोधनासाठीं ओकीफ यांना, मे-ब्रिट मोझर व एड्वर्ड मोझर यांच्यासह, २०१४ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या बाबतींत हाच हिपोकॅम्पस नव्या प्रसंगांच्या आठवणी बनविण्यासाठींहि लागतो. जागेची ओळख आणि प्रसंगाची आठवण या दोघी मेंदूंत अशा एकाच घरीं नांदतात.

१९९१ पासून स्मरणाच्या जागतिक स्पर्धा भरूं लागल्या. त्यांत नांव मिळविणाऱ्यांसारख्या दहा जणांची तपासणी लंडनमध्यें एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केली आणि २००३ सालीं ती प्रसिद्ध झाली. या दहा जणांची बुद्धि सामान्य माणसांहून असाधारण नव्हती, आणि त्यांच्या मेंदूच्या घडणींतहि कांहीं वेगळें आढळलें नाहीं. मात्र दहांपैकीं नऊ जण जागांची हीच जुनी युक्ति वापरीत होते, आणि पाठ करतांना त्यांच्या मेंदूंतले जागेशीं संबंध असलेले भाग अधिक काम करीत होते.

निर्णायक म्हणावा असा प्रयोग २०१७ सालीं मार्टिन ड्रेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. त्यांनीं ५१ सामान्य माणसें घेतलीं; यांतल्या कोणालाहि स्मरणाची विशेष तालीम नव्हती. त्यांचे तीन गट केले. एका गटाला सहा आठवडे, रोज अर्धा तास, जागांची पद्धति शिकविली. दुसऱ्या गटाला दुसऱ्या प्रकारचा स्मरणव्यायाम दिला. तिसऱ्याला कांहींच दिलें नाहीं. आरंभीं ७२ शब्दांच्या यादींतून सरासरी २६ च्या आसपास शब्द आठवत होते. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाला सुमारें ६२ शब्द आठवूं लागले, आणि चार महिन्यांनीं पुन्हां पाहिलें तेव्हांहि ते पूर्वींपेक्षां बरेच वरचढ होते. इतर दोन गटांची प्रगति यामानानें फारच थोडी होती. तेव्हां प्रांताधिपतीच्या मुलाचें म्हणणें या बाबतींत खरें ठरलें नाहीं. वाड्यांत शिरावयाला उत्तम स्मरणशक्ति लागत नाहीं. रोजचा अर्धा तास आणि सहा आठवड्यांचा धीर लागतो. धीर ही वस्तु मागच्या बांकावरहि मिळूं शकते.

ही तालीम कशी करावी, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एखाद्याला वाचनालयाच्या वार्षिक सभेंत बोलावयाचें आहे असें समजूं. मुद्दे पांच: इमारतीचें छप्पर गळतें, वर्गणीदार कमी झाले आहेत, मुलांसाठीं वेगळा विभाग हवा, जुनीं मासिकें बांधून ठेविलीं पाहिजेत, आणि शेवटीं देणगीदारांचे आभार. जागाहि पांच घ्याव्या, त्या स्वतःच्या घरांतल्या आणि रोज ज्या क्रमानें आंत जातां येतें त्याच क्रमानें: बाहेरचें दार, चपलांची मांडणी, झोपाळा, देव्हारा आणि स्वयंपाकघरांतला ओटा.

मग चित्रें मांडावीं. दार उघडतांच घरांत मुसळधार पाऊस पडतो आहे आणि पुस्तकांचें कपाट छत्री घेऊन कुडकुडत उभें आहे. मोठ्या मांडणींत एकच जुनी चप्पल उरली आहे आणि ती सोबतिणींसाठीं हुंदके देऊन रडते आहे. झोपाळ्यावर वीसपंचवीस मुलें दाटीवाटीनें बसलीं आहेत. प्रत्येकाच्या हातांत उलटें धरलेलें पुस्तक आणि कड्या करकरत आहेत. देव्हाऱ्यांत देवांच्या जागीं सुतळीनें बांधलेले मासिकांचे गठ्ठे बसले आहेत आणि त्यांना हळदकुंकू वाहिलें आहे. ओट्याशीं फेटा बांधलेले देणगीदार गृहस्थ स्वतः पोळ्या लाटीत आहेत, आणि सारे सभासद हात जोडून रांगेंत उभे आहेत. हीं चित्रें पोरकट आहेत यांत शंका नाहीं. पण तीं पोरकट आहेत म्हणूनच टिकतात. सभेंत उभें राहिल्यावर वक्त्यानें फक्त आपल्या घरीं जावें. पावसापासून पोळ्यांपर्यंत भाषण आपोआप क्रमानें येईल, आणि मध्येंच कोणीं प्रश्न विचारून तोडलें तरी झोपाळ्यापाशीं थांबलों होतों एवढें ध्यानांत असलें कीं पुरे.

यांत तीन पथ्यें पाळावीं लागतात. घर खरें आणि पुरतें ओळखीचें असावें. कल्पनेनें बांधलेला राजवाडा पुढें जमेल, पण आरंभ आपल्या दोन खोल्यांनीं करावा. एका जागीं एकच चित्र ठेवावें. आणि फेरी पुन्हां पुन्हां मारावी: त्याच रात्रीं एकदां, दुसऱ्या सकाळीं एकदां, मग तीनचार दिवसांनीं, मग आठवड्यानें. झाडलोट न केलेलें घर जसें राहण्याजोगें उरत नाहीं, तसाच फेरी न मारलेला वाडाहि.

या विद्येला मर्यादा आहेत, आणि त्या न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. रशियांतील मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनीं सॉलोमन शेरेशेव्हस्की या बातमीदाराचा अनेक वर्षें अभ्यास करून १९६८ सालीं त्याच्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. हा मनुष्य ऐकलेल्या शब्दांचीं चित्रें मॉस्कोच्या रस्त्यावर ओळीनें मांडून ठेवी आणि वर्षांनंतरहि त्या रस्त्यावरून मनानें चालत तीं परत सांगे. एकदां एका यादींतला अंडें हा शब्द त्याच्याकडून सुटला. कारण विचारतां तो म्हणाला कीं, अंडें त्यानें पांढऱ्या भिंतीशीं ठेविलें होतें, तें भिंतींत मिसळून गेलें आणि जातांना दिसलेंच नाहीं. जागेला पुरेसा उजेड असावा, हा दोन हजार वर्षांपूर्वींचा नियम त्याच्या अनुभवानें असा पुन्हां सिद्ध झाला.

परंतु याच मनुष्याला पुढें विसरणें अशक्य झालें. नको असलेल्या याद्या मनांत पुन्हां उभ्या राहत, म्हणून त्या कागदावर लिहून तो कागद जाळूनहि पाही. साधा उतारा वाचतांनाहि प्रत्येक शब्दाचें चित्र पुढें येई आणि चित्रांच्या गर्दींत अर्थ हरवून जाई. साठवण आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हें त्याच्या चरित्रावरून दिसतें. वाड्यांत तारखा मांडतां येतील, पण लढाई कां झाली हें वाडा सांगणार नाहीं. सूत्र ओट्यावर ठेवतां येईल, पण तें कोठें लावावें हें गणित सोडविल्यानेंच कळेल. वार्धक्यांतला जो विसर रोगामुळें येतो, त्यावरहि हा उपाय नव्हे. तेथें वैद्याकडेच गेलें पाहिजे.

आज पत्ते, दूरध्वनीचे क्रमांक आणि वाढदिवस हे सारें खिशांतलें यंत्र सांभाळतें. छापखान्यानें जें काम सुरू केलें, तें या यंत्रानें पुष्कळच पुढें नेलें आहे, आणि त्याबद्दल रडण्याचें कारण नाहीं. तरीहि सभेंत समोरच्या माणसांच्या डोळ्यांत पाहून बोलावयाचें असतें, परीक्षेच्या दालनांत यंत्र नेतां येत नाहीं, आणि आजारी माणसाच्या उशाशीं बसून सांगावयाची गोष्ट यंत्रांत पाहून वाचली तर ती वेगळीच होते. अशा वेळीं जें मनांत आहे तेंच हाताशीं असतें.

म्हणून घरांतलें मूल धडा विसरलें, तर त्याला डोकेंच नाहीं असा निकाल देण्याची घाई करूं नये. त्याला आधीं जवळ बसवावें, डोळे मिटावयास सांगावें, आणि आपलें घर दारापासून परसापर्यंत सांगावयास लावावें. तें सांगूं लागेल. कोठें काय आहे, कोणती फरशी फुटकी आहे, मांजर कोठें निजतें, हें सारें सांगेल. त्याच्याजवळ स्मरण आहे याचा हा पुरावा त्याच्या आणि घरच्यांच्या एकदमच ध्यानांत येईल. धडा अजून त्या घरांत कोठें ठेवलेला नाहीं, एवढेंच काय तें उणें असेल. आणि त्याची पहिली ओळ उंबऱ्यावर कशी ठेवावी, हें त्याच संध्याकाळीं त्याला दाखवितां येईल.